पितृपक्षात पाहिलेलं रो हाऊस

अन्याय माझ्या पप्पांवर झाला. पितृपक्षाच्या चौथ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना. जागा: नाशिकहून ओझरकडे जाताना आडगावच्या पुढे, काही वर्षांपूर्वीपर्यंत जिथे द्राक्षबाग होती, तिथल्या रो हाऊसच्या स्कीमचं साईट ऑफिस. साक्षीदार मी. मोजायच्या टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

वेळ इतकी नेमकी सांगते, कारण पप्पांनी मला तसंच शिकवलंय. ते ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात आहेत. तयार झालेला भाग मोजायचा, पास करायचा नाहीतर परत पाठवायचा, हे त्यांचं काम. परत पाठवताना कागदावर आधी वेळ, मग दोष, मग सही. वेळ नसलेली तक्रार म्हणजे कुरकुर, असं ते म्हणतात. मी एका संघटनेत पत्रकं लिहिते आणि वाटते. हॉस्टेलच्या मुलींच्या पाण्यासाठी लिहिलं, सफाई कामगारांच्या हातमोज्यांसाठी लिहिलं. प्रत्येक पत्रकाच्या पहिल्या ओळीत कोणावर, कधी, कुठे. ही सवय घरातलीच.

स्कीमचं नाव, माणसांची नावं मात्र इथे नाहीत. ती पप्पांची अट आहे आणि माझं तिच्यावरून भांडून झालेलं आहे.

आधी घर का हवं होतं ते सांगते. पप्पा निवृत्त होतायत, म्हणजे वसाहतीतलं क्वार्टर सोडावं लागणार. माझा जन्म त्याच क्वार्टरमधला. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ती टाळतेय. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबते आणि आपण सहज थांबलोय असं दाखवायला काहीतरी बोलते. फ्लॅट आम्ही पुष्कळ पाहिले. सगळीकडे लिफ्ट होती आणि सगळीकडे आईने एकच प्रश्न विचारला, "आणि लाईट गेल्यावर?" तिला खाली खोली हवी होती. पप्पांना पोर्चमध्ये लोखंडी शेगडा बसवायचा होता, म्हणजे काम करताना वस्तू घट्ट पकडून ठेवतो तो. आयुष्यभर दुसऱ्यांचे भाग तपासले, आता स्वतः काही बनवतो, म्हणायचे. खाली एक खोली, वर दोन, पुढे पोर्च, आपलं फाटक. एवढंच.

स्कीम सुचवली ती पप्पांच्या मित्राने. त्यांना मी काका म्हणते. ते घोटीकडच्या एका गावचे, घरी भातशेती, कारखान्यात पप्पांच्याच खात्यात. दोघं तीस वर्षं एका बसने गेले, एका टेबलावर डबा खाल्ला. काकांनी दोन वर्षांपूर्वी त्या स्कीममध्ये तीन नंबरचं घर घेतलं. त्यांच्या फाटकाच्या बिजागऱ्या पप्पांनी बसवल्यात. आधीच्या कुरकुरायच्या, पप्पांना ते सहन झालं नाही. चार नंबर रिकामं होतं.

"शेजारी ये," काका म्हणाले. "भिंत एकच हाय आपली. तू तिकडून ठोकलंस की मी इकडून चहा टाकतो."

पण पुढच्याच वाक्यात म्हणाले, "फक्त आत्ता नको जाऊ. दसऱ्याला जा."

"का? पितृपक्ष म्हणून?" पप्पा हसायलाच लागले. दर वर्षी काकांच्या वडिलांच्या पित्राची खीर आमच्याकडे डब्यातून येते आणि पप्पा ती वाद घालत घालत संपवतात. आम्ही बौद्ध. पितृपक्ष, मुहूर्त, राहुकाळ आमच्या घरात येत नाहीत. पप्पांचं गणित साधं होतं. या पंधरवड्यात सगळं नाशिक रामकुंडावर असतं आणि बिल्डरच्या ऑफिसात माशी नसते. घर निवांत बघता येतं, सेल्सवाल्यालाही बोलायला वेळ असतो. आमचे नातेवाईक असंच करतात. गाडी, फ्रिज, घर, सगळं पितृपक्षात. यात थोडा हिशेब आहे आणि थोडी ऐट. बघा, आम्हाला काही होत नाही.

"माझं ऐक जरा," काका पुन्हा म्हणाले. "दसऱ्याला जा."

"तुझे कावळे तू सांभाळ," पप्पा म्हणाले.

आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. ते मराठ्यांत आहे, आमच्यात आहे, आणखी दोन-तीन समाजांत आहे. आडनावाने आम्हाला कुणी ओळखलं नसतं. आम्हाला ओळखलं ते तिथीने.

सेल्सवाला माझ्याच वयाचा. आम्ही गेलो तेव्हा मोबाईल बघत बसला होता. आम्हाला बघून इतका खूश झाला की थंड पाणी, चहा, पुन्हा पाणी. टेबलावर आठ पानी गुळगुळीत पुस्तिका. मुखपृष्ठावर गोदावरी, घाट, दिवे, आणि खाली "पुण्यनगरीत आपलं हक्काचं घर". आमची पत्रकं एका रंगात, पातळ कागदावर. त्या पुस्तिकेचा कागद बोटांना बरा वाटला, हे कबूल करते.

चार नंबरमध्ये पप्पांनी दीड तास घेतला. खिशातून लेव्हलची छोटी पट्टी काढली. दारांचे कोपरे मोजले. बाथरूममध्ये मग्गाभर पाणी ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे आलं.

"साहेब, उतार उलटा आहे."

"होऊन जाईल सर. इंजिनिअरला सांगतो."

"सांगू नका, लिहा."

त्याने खरंच लिहिलं. हसत हसत म्हणाला, "सर, तुम्ही इथे राहायला आलात तर आमच्या इंजिनिअरचं काही खरं नाही."

"मी आलो तर तुमच्या इंजिनिअरला कामाला लावतो," पप्पा म्हणाले. खालच्या खोलीत जाऊन त्यांनी खिडकीखाली हात पसरून पलंग मावतो का पाहिलं. मग मला हळूच म्हणाले, "पास."

ऑफिसात येऊन त्यांनी चेकबुक काढलं. सेल्सवाला थोडा गोंधळला.

"सर, आज नका देऊ. घटस्थापनेला द्या ना. घर मी ठेवतो तुमच्यासाठी. पितृपक्षात आम्हीपण कुणाकडून टोकन घेत नाही, नंतर लोक भांडतात."

"आम्ही नाही मानत."

"म्हणजे घरातले मोठे वगैरे..."

"मोठा मीच. आमच्यात पितृपक्ष नसतो."

"तुमच्यात म्हणजे?"

पप्पा चेकवर तारीख टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "आम्ही बौद्ध."

"अच्छा, अच्छा. छान," तो म्हणाला. पेन टेबलावर सरळ करून ठेवलं. "एक मिनिट हं सर."

बाहेर जाऊन त्याने फोन केला. काचेतून दिसत होता, आमच्याकडे पाठ करून. आत आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेबाराला पाच कमी होते.

"सर, सॉरी. चार नंबर होल्डवर आहे. माझ्या सिस्टीमला दिसत नव्हतं. एका फॅमिलीने आधीच ठेवलंय."

"कधी ठेवलं?" मी विचारलं.

"काल-परवा."

"पितृपक्षात?"

त्याचे कान लाल झाले. मग ड्रॉवरमधून दुसरी पुस्तिका काढून म्हणाला, "ताई, आमची दुसरी स्कीम आहे, शहराच्या पलीकडे. तिकडे तुमच्यासारख्या बऱ्याच फॅमिली आहेत. तुम्हाला बरं पडेल."

माझ्या तोंडात घोषणा तयार असतात. मोर्चात, तहसीलसमोर, कुठेही. त्या दिवशी एकही बाहेर आली नाही. मी टेप गुंडाळत बसले. पप्पांनी चेक फाडला, तुकडे खिशात घातले, दुसऱ्याच्या टेबलावर कचरा नको म्हणून, आणि त्या मुलाला "धन्यवाद" म्हणाले. धन्यवाद! मी आजही त्या शब्दावर चिडते.

पप्पा स्कूटर चालवत होते. वसाहतीच्या फाटकापाशी म्हणाले, "आईला सांग, उतार चुकला होता."

आणि मी तेच सांगितलं.

आई भडकली. "एका बाथरूमसाठी घर सोडलं? आयुष्यभर विमानाचे भाग नाकारले, आता घरं नाकारा. मला न्या चौथ्या मजल्यावर, तिथनं मी खाली येतच नाही!" पप्पांनी मुकाट ऐकून घेतलं. मीही. नवऱ्याने हट्टाने घर घालवलं असं तिला वाटत राहिलं, आणि ते तसं वाटावं अशीच व्यवस्था आम्ही दोघांनी केली होती.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. स्कीमचं नाव, बिल्डरचं नाव, वेळ, संवाद, सगळं. या शहरात देवळाच्या दारासाठी आमच्या माणसांनी मार खाल्ला, ते शाळेत शिकवतात. घराच्या दारासाठी काय खातो ते कुठल्याच पुस्तकात नाही, असंही एक वाक्य होतं. पप्पांनी ते जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून वाचलं. दोन ठिकाणी पेनाने दुरुस्त्या केल्या. मग कागद उलटा ठेवला.

"छापायचं नाही."

"का?"

"मला घर पाहिजे. मोर्चा नको. हे छापलं की नाशिकमधला एकही बिल्डर मला दारात उभा करणार नाही. तुझ्या आईला घेऊन मी कुठे जाऊ?"

"म्हणजे गप्प बसायचं?"

"दुसऱ्यांच्या वडिलांवर लिहिताना तू त्यांना विचारतेस का?"

मी तो कागद घडी करून वहीत ठेवला.

नवरात्रात मी एकटीच काकांकडे गेले. वाटलं, ते तिथले रहिवासी, ते बोलले तर काही होईल. काकूंचा उपास होता. त्यांनी साबुदाण्याची खिचडी पुढे केली आणि आत निघून गेल्या. काकांनी मोबाईल काढला, स्कीमच्या रहिवाशांचा ग्रुप उघडला आणि माझ्यासमोर धरला. आम्ही गेलो त्याच दिवसाचा, आम्ही ऑफिसात असतानाचाच मेसेज: चार नंबरसाठी पार्टी आली आहे, कोण लोक आहेत ते समजून घ्यावे, सदस्यांनी मत कळवावे. खाली कुणीतरी लिहिलेलं, एकसारखे लोक असले की वातावरण चांगलं राहतं. त्याखाली अंगठे. काकांचा अंगठा नव्हता. काकांचं काहीच नव्हतं.

"मी नाय काही लिहिलं पोरी," ते म्हणाले. "कोणाच्या बाजूनं नाय."

"पप्पांच्या बाजूने पण नाही."

ते खिचडीच्या ताटलीकडे बघत राहिले. "म्हणून तर मी त्याला दोनदा सांगितलं, दसऱ्याला जा. दसऱ्याला तिथं जत्रा असते. शंभर माणसं येतात, कोण कोणाला विचारतो? टोकन घेतलं, पावती दिली, झालं. एकदा आत आला की कोण काढणार होतं? पण तो ऐकतो का कोणाचं. पितृपक्षात जातो आणि वर सांगत बसतो."

मला ते कळायला वेळ लागला. म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं. भिंतीवर ठोक म्हणणाऱ्या माणसाला माहीत होतं की आम्हाला चोरून आत यावं लागेल, आणि त्यांनी आमच्यासाठी चोरीचा दिवससुद्धा शोधून ठेवला होता. मनापासून. हेच जास्त लागलं. हे मी पप्पांना सांगितलं नाही. घरात आता दोन गोष्टी लपलेल्या होत्या.

दसरा आम्हालाही मोठा, पण आमच्या कारणाने. धम्मदीक्षेचा दिवस. पांढरे कपडे घालून आम्ही दर वर्षी बुद्धलेणीवर जातो. आईला आता पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून आम्ही पायथ्याच्या विहाराजवळ सावलीत बसलो होतो. आईने पर्समधून त्या दिवशी माझ्याबरोबर घरी आलेली ती गुळगुळीत पुस्तिका काढली. ती तिने ठेवून दिली होती हे आम्हाला माहीत नव्हतं. मागच्या पानावरचा नंबर लावला आणि आम्ही काही बोलायच्या आत बोलायला लागली.

"हॅलो, ते चार नंबरचं रो हाऊस... हो का? अजून आहे? हो, हो. बाथरूमचा उतार तेवढा बघा. करून देता ना?" फोनमधून मागचे ढोल आम्हाला ऐकू येत होते. तिने फोनवर हात ठेवला. चेहरा इतका उजळलेला मी ऑपरेशननंतर पाहिला नव्हता. "अहो, आहे घर! उतार दुरुस्त करून देतील म्हणतात. आजच या म्हणतात, आजच्या बुकिंगला काहीतरी सूट आहे. चला ना."

पप्पांनी तिच्या हातातून फोन घेतला, बंद केला, आणि तिथे, दगडाच्या कट्ट्यावर बसून, सगळं सांगितलं. तिथी, चेक, "तुमच्यासारख्या फॅमिली".

आईने साडीची पांढरी किनार बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "तरी जाऊ. आज गर्दी आहे. तो पोरगा ओळखणार पण नाही. घरी जाऊन साडी बदलते. तुम्ही फक्त काही बोलू नका."

माझी आई. जिने मला पहिली घोषणा द्यायला शिकवली.

"आजच्या दिवशी?" पप्पा म्हणाले.

ती उठली नाही. रडलीही नाही. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "हा आजच्या दिवशी पण दुखतोच ना."

आम्ही गेलो नाही. ते बरोबर केलं असं मी कुठेही भाषणात सांगू शकते. घरात, ती पाटावर पाय ठेवून भाजी निवडत असताना, मला तेवढी खात्री नसते.

त्या संध्याकाळी काका आपट्याची पानं घेऊन आले. दर वर्षी येतात. पप्पांच्या हातात पानं ठेवून म्हणाले, "जय भीम. सोनं घ्या." काका आमच्या दारात नेहमी जय भीम म्हणतात. त्यांच्या गल्लीत पप्पा भेटले की नमस्कार म्हणतात. हा फरक मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला, आणि खिचडीच्या दिवशीचं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. ग्रुप, अंगठे, दसऱ्याचा सल्ला.

पप्पांनी पानं टेबलावर ठेवली. "तुला माहीत होतं."

"तुझ्या भल्यासाठीच..."

"भाऊजी," आई मध्येच म्हणाली, "ते राहू द्या. आता लिहा. तुमच्या ग्रुपवर. एक ओळ."

काकांनी आमच्यासमोर लिहिलं. मला दाखवलं: चार नंबरसाठी आलेले माझे मित्र आहेत, तीस वर्षं ओळखतो, चांगलं कुटुंब आहे. "चांगलं कुटुंब" कशाला, इतरांच्या वेळी कोणी दाखला दिला होता का, असं मला म्हणायचं होतं. आईने माझा हात दाबला. काकांनी मेसेज पाठवला. आईने चहा टाकला. चहाला उकळी यायच्या आत त्यांचा फोन वाजला. ते व्हरांड्यात गेले. "हो... नाय नाय, तसं नाय... बरोबर हाय तुमचं..." एवढं ऐकू आलं. आत येऊन बसले. चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाले, "मेसेज काढला. काढावा लागला रे. मला तिथंच राहायचंय."

"आणि मला कुठे?" पप्पांनी विचारलं.

काकांनी चप्पल घातली. त्यानंतर ते आलेले नाहीत.

पप्पांनी मग त्यांच्या पद्धतीने एक काम केलं. बिल्डरला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. वर वेळ आणि वार, खाली पूर्ण नाव, मग धर्म, मग एकच वाक्य: चार नंबरचे घर मी घेऊ इच्छितो, देणार नसाल तर कारण लेखी कळवावे. पोच आली, उत्तर नाही. पत्र पाठवल्यावर मला म्हणाले, आता तू लिही, पण नावं नको, नाव माझं एकट्याचं त्यांच्याकडे आहे तेवढं पुरे. क्वार्टर सोडायला थोडे आठवडे राहिलेत. चार नंबरवर "विक्रीसाठी उपलब्ध"चा फलक अजून आहे. मी काल बसमधून पाहिला.

म्हणून वाचणाऱ्याला सांगते, आणि विनंती करत नाही. तुम्हीही कुठल्या तरी बिल्डिंगच्या, कॉलनीच्या, रो हाऊसच्या ग्रुपवर आहात. कदाचित याच स्कीमच्या. तिथे "कोण लोक आहेत?" हा प्रश्न आलेला आहे किंवा येणार आहे. अंगठा दिला नाही म्हणून आपण सुटलो असं समजू नका. आज तो ग्रुप उघडा आणि स्वतःच्या नावाने लिहा: हा प्रश्न इथे विचारायचा नाही, ज्याला घर घ्यायचंय त्याला घेऊ द्या. मग फोन येईल. तो उचला, आणि लिहिलेलं तसंच राहू द्या.